तळणीच्या तेलामागून: ठाणे, डोंबिवली, कल्याण

ठाण्याला मी याआधी लग्न, बारसं नाहीतर मयताच्या निमित्तानं गेलेले. नुसतं बघायला म्हणून ठाण्याला कोणी जात नाही. त्यामुळे यंदा मार्चमध्ये मी चार-पाच दिवस ठाणे, डोंबिवली आणि कल्याण बघायला जाते आहे असं सांगितलं, तेव्हा शेजारच्या काकूंनी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं. बघायचं काय होतं, तर तळून उरलेलं तेल शेवटी कुठे जातं ते.

आम्ही काही बायका चिपळूणला मिळून फरसाण करतो. चकली, शेव, केळ्याचे वेफर, फणसाचे तळलेले गरे. तेल दोनदा तापलं की आम्ही ते बाजूला काढतो, त्यात पुन्हा काही तळत नाही. पूर्वी उरायचं थोडं, ते गावातला सुतार लाकडाला लावायला न्यायचा. आता धंदा वाढला तसं पिंप भरायला लागलं. थंडीत एक तरुण आमच्याकडे आला. हिरवा टी-शर्ट, गोड बोलणं, नाव अमोल. "ताई, तुमच्या तेलाचं बायोडिझेल होईल. उद्या त्याच्यावर बस धावेल," असं म्हणून त्यानं मोबाइलवर चित्रफीत दाखवली. झाडं, निळं आभाळ, हसणारी मुलं आणि मधून जाणारी स्वच्छ बस. ठाण्यातल्या मोठमोठ्या सोसायट्या तेल आम्हालाच देतात, असंही म्हणाला.

आमच्या बायका खूश झाल्या. मीही झाले, खोटं कशाला बोलू. चकलीच्या तेलावर बस चालणार म्हटल्यावर कुणाला बरं वाटणार नाही? पण द्यायच्या आधी एकदा कुणीतरी जाऊन बघून यावं असं मी म्हटलं. "मग तूच जा," सगळ्या एकदम म्हणाल्या. तेल तपासून घेता येईल म्हणून एक कॅन भरून घेतला आणि निघाले.

घोडबंदर रोड

माझी शाळेतली मैत्रीण रेखा घोडबंदर रोडला एका टॉवरमध्ये राहते. नवरा जहाजावर, मुलगी परदेशात, ही इथे एकटी. तिच्या खिडकीतून एका बाजूला येऊरचे डोंगर दिसतात, आणि खाली बघितलं तर एकाच जागी उभ्या असलेल्या गाड्या. मी बराच वेळ बघत होते, त्यातली एक लाल गाडी माझा चहा संपेपर्यंत तिथेच होती.

पण चहाच्या आधी घोटाळा झाला. कॅनचं झाकण प्रवासात सैल झालेलं. लिफ्टमध्ये मी तो खाली ठेवला, आणि कुठल्याशा मजल्यावर एक गृहस्थ आत पाऊल टाकताच सरकत थेट माझ्या पिशवीवर येऊन बसले. लिफ्टभर तेल. वॉचमन फिनेल घेऊन धावत आला. मी म्हटलं, "फिनेल नको, बेसन आणा." तो माझ्याकडे बघतच राहिला. शेवटी रेखानं वरून बेसनाचा डबा आणला, मी ते लिफ्टमध्ये भुरभुरवलं, तेल शोषलं गेलं, आणि पडलेले गृहस्थ उठून उभे राहिले. ते सोसायटीचे सेक्रेटरी निघाले, जोगळेकरसाहेब. सज्जन माणूस. पॅन्टला बेसन लागलेलं असतानाही त्यांनी माझी चौकशी केली आणि मी कशासाठी आले ते ऐकल्यावर तर त्यांचा राग पूर्ण गेला.

"वा, वा! मग चला, तुम्हाला दाखवतोच," असं म्हणून त्यांनी मला तळघरात नेलं. विजेच्या गाड्यांच्या चार्जिंगशेजारी एक हिरवा ड्रम, त्यावर पान आणि थेंबाचं चित्र. घरोघरी उरलेलं तेल बाटल्यांत भरून बायका इथे आणून ठेवतात. मग लॉबीत काचेच्या कपाटातली ढाल दाखवली. हरित सोसायटी म्हणून मिळालेली.

"आणि इथून ते जातं कुठे?" मी विचारलं.

"डोंबिवलीला. म्हात्रे मॅडमचा प्लांट आहे. सुरुवातीला मी स्वतः जाऊन आलो, फोटोही आहेत. शनिवारी टेम्पो येतो, ड्रम रिकामा करून नेतो. अत्यंत शिस्तबद्ध काम."

रात्री जेवायला रेखानं मिसळ मागवली. घरात गॅस आहे, कढई आहे, मटकी भिजवलेली दिसत होती, तरी मिसळ मोबाइलवरून आली. "अगं, दमायला होतं," ती म्हणाली.  मी फरसाण बोटात घेऊन चुरून पाहिलं. ती सवय आहे, दुसऱ्याचं फरसाण दिसलं की हात जातोच. ते चिकट होतं, आणि मागून एक खवट वास येत होता. मी रश्शाशी पाव खाल्ला आणि फरसाण ताटाच्या कडेला ठेवलं.

डोंबिवली

शुक्रवारी रेखानं गाडी काढली. वाटेत पेट्रोल भरताना तिची कटकट सुरू होती, की हल्ली पेट्रोलमध्ये उसाचं इथेनॉल घालतात म्हणून अ‍ॅव्हरेज पडलंय. माजिवड्याचा गुंता सोडवून आम्ही माणकोलीच्या नव्या पुलावर आलो, तेव्हा कुठे मोकळी हवा लागली. खाली उल्हास नदीची रुंद खाडी, दोन्ही काठांना तिवरं, चिखलात बगळे. आमच्या वाशिष्ठीच्या खाडीची आठवण झाली. पुलावरून उतरलं की डोंबिवली सुरू होते आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे जाईपर्यंत ती खाडी खरी होती की नाही अशी शंका येते.

एमआयडीसीत वेगवेगळे वास येतात. एका वळणावर सडलेल्या फळांसारखा, पुढच्या वळणावर नेल पॉलिशसारखा. म्हात्रे मॅडमच्या प्लांटपाशी मात्र कसलाच वास नव्हता. तिथेच मला खटकायला हवं होतं.

माधवी म्हात्रे चाळिशीची, केमिकल इंजिनिअर, ओढणी कमरेला खोचलेली. सासरची माणसं पिढ्यान् पिढ्या इथलीच, भातशेतीची. जमीन रस्त्यात गेली तेव्हा दिरांनी बंगले बांधले, हिनं आणि नवऱ्यानं प्लांट टाकला. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला, आता ही एकटी बघते. टाक्या, नळ्या, पंप सगळं पुसून लख्ख ठेवलेलं, पण चालू काहीच नव्हतं. दोन कामगार दाराशी वर्तमानपत्र वाचत बसलेले.

मी सांडून उरलेल्या तेलाचा कॅन पुढे केला. "हे चिपळूणचं. घोडबंदरचं तर तुमच्याकडे येतंच, म्हणून म्हटलं आमचंही बघा."

"घोडबंदरचं?" ती माझ्याकडे आणि मग रेखाकडे बघत राहिली. "कुठल्या सोसायटीचं?"

रेखानं नाव सांगितलं.

"ताई, सुरुवातीला तो अमोल आणायचा तिथले थोडे ड्रम. फोटो काढून झाले. मग बंद. गेल्या दिवाळीच्या आधीपासून घोडबंदरचा एक थेंब माझ्याकडे आलेला नाही."

"असं कसं?" रेखा म्हणाली. "दर शनिवारी टेम्पो येतो की!"

"येत असेल. इथे येत नाही."

  मला पहिल्यांदा वाटली ती लाज, कशाची ते कळेना. राग नंतर आला.

माधवीनं मात्र माझा कॅन बाजूला टाकला नाही. तिनं काचेच्या नळीत थोडं तेल घेतलं आणि त्यात एक द्राव थेंबाथेंबानं टाकला. थोड्याच थेंबांत सगळं गुलाबी झालं. "चांगलं तेल आहे. फार वेळा तापवलेलं नाही तुम्ही. जळलेलं तेल असतं ना, त्याला गुलाबी करायला हात दुखतो." मग एका चंबूत ते तेल गरम करून त्यात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोड्याचं मिश्रण घातलं, ढवळलं, आणि म्हणाली, "चला जेवून येऊ. तोवर त्याचं ते होईल."

घर मागेच होतं. तिच्या सासूबाई ओट्यावर बसलेल्या. आमचे पडलेले चेहरे बघून त्या सुनेला म्हणाल्या, "आगो, पावन्यांना जेवाला वाढ ना आधी. तेलाचा काय तो मंग बोल." तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, खाडीची कोलंबी, आणि कैरी घातलेला जवळा. आमच्याकडे जवळा कांद्यावर नुसता परततात. कैरी घालून खाल्लेला जवळा मी अजून विसरलेले नाही. म्हातारी मला सारखी वाढत होती. जेवता जेवता म्हणाली, "आमचा लेक बोलायचा, गाडी धूर टाकील तर भज्यांचा वास येल. मी हसायची. मंग एक दिस खरंच आला." आणि पदरानं तोंड पुसलं.

परत आलो तेव्हा चंबूत दोन थर झालेले. खाली काकवीसारखं काळपट ग्लिसरीन, वर मधासारखं पिवळं, पारदर्शक. "हे वरचं धुतलं, सुकवलं, की बायोडिझेल," माधवी म्हणाली. माझ्या चकल्यांचं तेल! मी तो चंबू उजेडात धरून किती वेळ उभी होते. मग तिनं आम्हाला तिच्या पिकअपमधून एक फेरी मारून आणली. गाडीत शेवटच्या साठ्यातलं तिचं स्वतःचं बायोडिझेल होतं. मी मागच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. खरंच, भज्यांचा वास.

म्हणजे अमोलनं दाखवलं ते खोटं नव्हतं, आणि मला राग आला तो याचाच. तेलावर गाडी धावते. यंत्र आहे, बाई आहे, कामगार आहेत, विद्या आहे. फक्त तेल नाही, आणि ते दर शनिवारी घोडबंदरहून निघतं आहे.

"जास्त भाव देणारं कोणी असेल," माधवी म्हणाली. "माझा भाव पंपावरच्या डिझेलला बांधलेला. त्याच्यावर गेले तर मी बुडले."

"कोण देतं जास्त?"

"माहीत आहे. पण डोळ्यांनी पाहिलेलं नाही."

"मग उद्या शनिवार आहे," रेखा म्हणाली. रेखा. जी मटकी भिजवून मिसळ मागवते, ती.

वागळे इस्टेट

सकाळी माधवी पिकअप घेऊन आधीच आलेली, टेम्पोही वेळेवर आला. हिरवा रंग, मागे पान आणि थेंब. दोन माणसांनी ड्रम रिकामा केला, बाटल्या गोळा केल्या. मी ड्रायव्हरला विचारलं, "दादा, प्लांट बघायला येऊ का तुमच्याबरोबर?"

"नाय मॅडम, अलाऊड नाय. अपॉइंटमेंट लागते. सेफ्टीचं असतं ना."

त्याला जाऊ दिलं आणि आम्ही माधवीच्या पिकअपमध्ये बसून मागे निघालो. पाठलाग वगैरे शब्द वापरायची गरज नाही, घोडबंदर रोडला कुणी कुणाच्या हातून निसटत नाही. माजिवड्याला टेम्पो डोंबिवलीच्या वाटेला लागायला हवा होता. तो वळून वागळे इस्टेटकडे गेला.

वागळेमध्ये जुने कारखाने, त्यांच्यात काचेची नवी ऑफिसं, आणि मागच्या गल्ल्यांत गाळेच गाळे. एका गाळ्यात छपाई, एकात पत्रे कापणं, एकात खोकी. टेम्पो ज्या गाळ्यापुढे थांबला त्याच्या शटरवर काहीच लिहिलेलं नव्हतं. शटर अर्धं वर. माधवी वाकून आत शिरली, मागून आम्ही.

आत शिरल्याबरोबर मला वासानं सांगितलं. तळून तळून मेलेल्या तेलाचा वास मला झोपेतही कळेल. एका बाजूला मोठ्या पातेल्यात काळं तेल तापत होतं, त्यात एक माणूस गोणीतून तेलाचा काळेपणा शोषणारी पांढुरकी माती टाकत होता. पलीकडे कापडातून गाळलेलं तेल पडत होतं, आणि ते तेल पिवळं, स्वच्छ, नव्यासारखं दिसत होतं. भिंतीला कोरे पत्र्याचे डबे लावलेले. मी गाळलेल्या तेलात बोट बुडवलं आणि चोळलं. रंग गेला होता. चिकटपणा तसाच होता, वासही.

कोपऱ्यात रिकाम्या बाटल्यांचा ढीग. रेखा त्याच्यापाशी गेली आणि वाकून एक बाटली उचलली. लिंबू सरबताची जुनी बाटली, तिच्या हस्ताक्षरात वर चिकटवलेलं, 'वापरलेलं तेल, स्वयंपाकाला नको'. गेल्याच आठवड्यात तिनं ती ड्रमशेजारी ठेवलेली.

"अरे, चिपळूणच्या ताई!" आतल्या केबिनमधून अमोल बाहेर आला. तोच हिरवा टी-शर्ट, तेच गोड बोलणं. "या ना, या. फोन तरी करायचा." खुर्च्या ओढल्या, चहा सांगितला. टेबलावर बशीत फरसाण होतं, ते माझ्यापुढे सरकवलं.

मी बशीकडे बघितलं. त्यानं माझी नजर ओळखली. मग जे म्हणाला ते मी शब्दाला शब्द लिहिते आहे. "घ्या ताई, बिनधास्त. हे आपल्या तेलातलं नाही. चांगल्या दुकानातलं आहे."

 हा मुलगा स्वतः खात नव्हता. त्याला सगळं माहीत होतं.

माधवी उभीच होती. "अमोल, हे तेल माझ्या नावानं उचलतोस तू."

"मॅडम, तुम्ही भाव द्या, तुम्हाला देतो. मला काय? डिझेलचा भाव ठरलेला. तुम्हाला त्याच्यावर जाता येत नाही."

"आणि तुला जास्त कोण देतो?"

"खायला घालणारा," तो म्हणाला. अगदी साधेपणानं. "वडे, समोसे, फरसाण तळणारे. त्यांना बाजारातलं नवं तेल परवडत नाही. त्यांचंही पोट आहे ना मॅडम."

"आणि खाणाऱ्यांचं?" रेखा ओरडली. हातात ती बाटली तशीच होती. "आमच्या सोसायटीत ढाल लावलीय तुझ्यामुळे! मी शेजारणींच्या दारात जाऊन जाऊन तेल मागितलं तुझ्यासाठी!"

"काकी, आवाज खाली. मेलंय का कोणी अजून?"

मी आयुष्यात कुणावर हात उचललेला नाही. त्या वेळी मी ती बशी उचलली आणि त्याच्या टेबलावर उलटी केली. फरसाण जमिनीवर, त्याच्या मोबाइलवर, सगळीकडे. माती टाकणारा माणूस थांबला. अमोल हसत होता, पण दाराकडे बघत होता. माधवीनं तेवढ्यात फोटो काढले आणि आम्ही बाहेर पडलो.

तक्रार केली. दुसऱ्या दिवशी रविवार असूनही अन्न खात्याची एक तरुण अधिकारी आली. माधवी तिच्याबरोबर गेली. गाळ्याला कुलूप होतं, डबे गेलेले, पातेलं गेलेलं. जमिनीवर तेलात भिजलेली माती राहिलेली, तिचा नमुना घेऊन ती गेली. तपास चालू आहे असं कळतं. गाळा कुणाच्या नावावर आहे तेही शोधतायत.

पुन्हा घोडबंदर रोड

त्याच रविवारी सकाळी सोसायटीची सभा होती. क्लबहाउसमध्ये एसी, खुर्च्यांना पांढरी कव्हरं. आम्ही जाऊन बसलो तेव्हा पेट्रोलमधल्या इथेनॉलचा विषय निघालेला. काय तावातावानं बोलत होते एकेक! "आम्ही काय प्रयोगाचे उंदीर आहोत?" "इंजिनाचे रबरी पाइप सडतात, कळतंय का कुणाला?" "माझ्या गाडीच्या पोटात काय जातं हे मला विचारायला नको?" एक गृहस्थ तर उभे राहून थरथरत होते. जोगळेकरसाहेब सगळं लिहून घेत होते, वर निवेदन पाठवायचं ठरलं.

मग रेखा उठली. तिनं सगळं सांगितलं. टेम्पो, वागळे, माती, डबे. बाटली टेबलावर ठेवली. माधवीनं पाठवलेले फोटो दाखवले.

एकदोघांनी बाटली उचलून बघितली आणि परत टेबलावर ठेवली.

"हे फार गंभीर आहे," जोगळेकरसाहेब म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता, ते ढोंग नव्हतं. "परंतु घाईनं काही बोलणं योग्य होणार नाही. ढाल आपल्याला याच कामाबद्दल मिळाली आहे. बाहेर गेलं तर सोसायटीचं नाव..."

"फ्लॅटच्या किमतीवर पण परिणाम होतो अशानं," मागून कुणीतरी.

"आणि मी काय म्हणतो," उंदीरवाले गृहस्थ म्हणाले, "आपण तेल देऊन मोकळे झालो. पुढे ते काय करतात ती त्यांची जबाबदारी. शिवाय आपल्यापैकी कोण गाडीवरचे वडे खातं?"

मी पाहुणी. मला बोलायचा अधिकार नव्हता, तसं जोगळेकरांनी आधीच नम्रपणे सांगितलेलं. मी उभी राहिले.

"तुमच्या गाडीच्या पोटात ऊस गेला तर तुम्ही थरथरता," मी म्हटलं. "आणि तुमच्या घरातलं जळलेलं तेल खालच्या नाक्यावर कुणाच्या पोरांच्या पोटात जातंय, तर तुम्ही म्हणता आम्ही वडे खात नाही. तुमचा वॉचमन खातो. तुमच्या घरी भांडी घासणारी बाई दुपारी वडापाववर दिवस काढते, तिच्या मुलाला डब्यात तेच देते. तुमची मिसळ मोबाइलवरून येते, ती कुठल्या डब्यातून येते ते तुम्ही कधी बघितलंय? डोंबिवलीला एक बाई यंत्र पुसून बसलीय, तेलाची वाट बघत. तिला तुमचं तेल हवंय. गाडीत घालायला! माणसात नव्हे!"

आवाज चढला होता, ते मला कळत होतं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. विषय पुढच्या सभेत घ्यायचा ठरलं. पेट्रोलचं निवेदन मात्र त्याच दिवशी गेलं.

संध्याकाळी रेखानं ड्रमवर कागद चिकटवला, 'या ड्रममध्ये तेल टाकू नये'. सकाळी तो काढलेला होता. तिनं दुसरा चिकटवला. मी निघेपर्यंत हे चालू होतं. पण तिच्या विंगमधल्या काही बायका आपलं तेल आता तिच्याकडेच आणून देतात, आणि ती स्वतः ते डोंबिवलीला नेऊन टाकीत ओतून येते. माणकोलीच्या पुलावर गाडी थांबवून मला फोन करते. "सुमे, बगळे आलेत बघ," म्हणते. जोगळेकरसाहेबही परवा एक बाटली देऊन गेले म्हणे. गुपचूप, जिन्यानं.

कल्याण

चिपळूणची गाडी कल्याणच्या एसटी स्टँडवरून होती. रेखा सोडून गेली. आमच्या बायकांना मी फोनवर सगळं सांगून टाकलेलं, आणि त्यांनी एका मतानं ठरवलं होतं, तेल आता फक्त माधवीकडे, आणि तेही आमच्यातली एक दर खेपेला बरोबर जाईल. मन थोडं हलकं झालेलं. भूक लागली होती.

स्टँडबाहेर एक भजीची गाडी होती. मालक साताऱ्याकडचा, संतोष नावाचा, बायको शेजारी मिरच्या चिरत होती. कढईत बटाटाभजी फुगत होती आणि तेलावर फेस येत होता. चांगल्या तेलावर तसा फेस येत नाही. गाडीखाली कोरा पत्र्याचा डबा.

मला खरं तर भजी न घेता पुढे जाता आलं असतं. रोज लाखो लोक जातात.

"दादा, तेल कुठून आणता?"

"एक जण आणून देतो टेम्पोनं. स्वस्त पडतंय. का हो ताई?"

मी सांगितलं. गर्दी होती, तरी सांगितलं. हे तेल त्याच गाळ्यातलं आहे असं मला सिद्ध करता येणार नाही, तेही सांगितलं. डब्याचं झाकण काढून त्याला वास घ्यायला लावला, बोटावर घेऊन चोळायला लावलं. तो चोळत राहिला. मग त्यानं बायकोकडे बघितलं.

"पोरं संध्याकाळी हितंच खात्यात आमची," ती म्हणाली.

त्यानं वाकून शेगडी बंद केली. कढईत भजी तशीच तरंगत राहिली.

"ओ भाऊ, काय झालं? दोन प्लेट सांगितल्यात!"

"गाडी सुटेल ना आमची, दे लवकर!"

"अहो मॅडम," कॉलेजातला दिसणारा एक मुलगा मला म्हणाला, "तुम्हाला नको तर तुम्ही खाऊ नका. आमच्या पोटाचं आम्ही बघतो."

संतोषनं त्याच्याकडे बघितलंही नाही. "मग हे आता कुठं ओतू?" त्यानं मला विचारलं, आणि त्याची नजर रस्त्याकडेच्या गटाराकडे गेली.

मी माधवीला फोन लावला. किती तेल आहे ते तिनं विचारलं.

"एक कढई आणि अर्धा डबा."

 एवढ्याशा तेलासाठी डोंबिवलीहून कल्याणला गाडी आणायची म्हणजे तिला डिझेलच जास्त लागणार, हे मलाही कळत होतं.

"तिथेच थांबा," ती म्हणाली. "मी येते. तोवर त्याला म्हणावं, कढईला कुणाला हात लावू देऊ नका."

स्टँडवर कंडक्टर चिपळूण, चिपळूण ओरडत होता. माझी पिशवी मी खांद्यावर घेतलेली होती, ती उतरवून भजीच्या गाडीच्या चाकापाशी ठेवली. संतोषच्या बायकोनं मला बसायला उलटी बादली दिली. लोक चिडून पांगले, दुसऱ्या गाडीवर जाऊन उभे राहिले. आमच्यासमोरून चिपळूणची बस हॉर्न देत निघून गेली, आणि मी त्या कढईशेजारी माधवीची वाट बघत बसून राहिले.